पहिल्या पंधरवड्याचं गणित

डोकं दुखलं की पॅरासिटामॉल घ्यायची, तासाभरात उतार पडतो. पित्त झालं की गोळी, जेवणापर्यंत बरं. औषध म्हणजे काय याची आपली कल्पना अशा अनुभवांतून घडलेली असते: आधी त्रास, मग गोळी, मग आराम. नैराश्यावरच्या आणि चिंताविकारावरच्या गोळ्या हा क्रम मोडतात. काहींना पहिल्या-दुसऱ्या दिवशीच मळमळ सुरू होते, रात्री झोप उडते किंवा उलट दिवसभर गुंगी येते, तोंडाला कोरड पडते, हात बारीक थरथरतात. ज्या उदासीसाठी किंवा धास्तीसाठी गोळी सुरू केली, ती मात्र जागची हललेली नसते. चौथ्या-पाचव्या दिवशी घरात कोणीतरी म्हणतं, ‘या गोळ्या तुला गरम पडल्या,’ आणि अर्धी संपलेली स्ट्रिप औषधांच्या डब्यात तळाशी जाते. त्या माणसापाशी असलेल्या पुराव्यावरून पाहिलं तर त्याचा निर्णय मूर्खपणाचा नसतो. अडचण अशी की तो पुरावाच अपुरा असतो, आणि तो अपुरा आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

असं किती जण करतात? मार्क ऑल्फसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या राष्ट्रीय पाहणीच्या नोंदी तपासून २००६ साली जे मांडलं ते चकित करणारं होतं. नैराश्यासाठी औषध सुरू केलेल्यांपैकी सुमारे ४२ टक्के लोकांनी पहिल्या तीस दिवसांतच ते बंद केलं होतं, आणि नव्वद दिवसांच्या पुढे औषध घेत राहिलेले जेमतेम २८ टक्के होते. हे सगळे दुष्परिणामांमुळेच थांबले असं नाही. कोणाला खर्च परवडत नाही, कोणाला ‘वेड्याची गोळी’ ही घरातली कुजबुज सोसत नाही, कोणाला थोडं बरं वाटलं की पुढची गरज वाटत नाही. पण तीस दिवस हा आकडा महत्त्वाचा आहे, कारण या औषधांचा पुरता गुण दिसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे पुष्कळ लोक औषधाला त्याची पाळी येण्याआधीच बाद ठरवतात. या प्रकरणात माझं म्हणणं एवढंच आहे की सुरुवातीच्या त्रासाला स्वतःचं वेळापत्रक असतं. कोणता त्रास कधी येतो, कधी जातो आणि कोणता जाणारच नाही हे आधी ठाऊक असेल, आणि मधल्या काळात कोणाला तरी विचारण्याची सोय असेल, तर या पंधरवड्यातला बराचसा त्रास निभावून नेता येतो. जो निभावून न्यायचाच नसतो, तोही त्यामुळेच वेळेवर ओळखता येतो. निमूट सहन करणं आणि परस्पर बंद करणं, हे दोन्ही वाईट मार्ग आहेत.

क्रम उलटा का, हे समजून घेण्यासाठी एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन या ‘एसएसआरआय’ घराण्याकडे पाहू. आज नैराश्यासाठी आणि चिंतेसाठी बहुधा याच गोळ्या आधी लिहून दिल्या जातात. दोन मज्जापेशींच्या फटीत सोडलेलं सेरोटोनिन परत आत ओढून घेणारी जी यंत्रणा असते, ती या गोळ्या अडवतात आणि हे काम पहिल्या डोसनंतर काही तासांतच सुरू होतं. पण शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन मेंदूत नसून आतड्यात असतं. गोळीला मेंदू आणि आतडं यांत फरक करता येत नाही. आतड्यातल्या आणि मेंदूतल्या उलटीच्या केंद्रातल्या एका विशिष्ट रिसेप्टरवर वाढलेलं सेरोटोनिन आदळतं, की मळमळ सुरू. उलटी थांबवायला दिली जाणारी ओन्डान्सेट्रॉन नेमका हाच रिसेप्टर बंद करते, त्यावरून हा संबंध किती थेट आहे ते कळतं. एक-दोन आठवड्यांत हे रिसेप्टर सरावतात आणि मळमळ ओसरते. मेंदूतली गोष्ट संथ आहे. सेरोटोनिन वाढलेलं दिसताच ते सोडणाऱ्या पेशी स्वतःच हात आखडता घेतात. त्यांच्या अंगावरचे हे लगाम सैल व्हायला दोन-तीन आठवडे जातात आणि त्यानंतर पेशींच्या जोडण्यांमध्ये हळूहळू बदल होतात. उशिराचं हे स्पष्टीकरण बऱ्यापैकी मान्य आहे, पण शेवटचा शब्द नाही. ‘चार आठवडे काहीच होत नाही’ हा जुना समजही थोडा सैल करायला हवा. अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र केले तेव्हा पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच सुधारणेची सुरुवात झालेली दिसली. ती लहान असते. भूक थोडी लागणं, सकाळी उठणं कमी जड जाणं अशा गोष्टींत ती असते, आणि पुष्कळदा रुग्णाआधी घरच्यांना दिसते.

या यंत्रणेतून एक व्यावहारिक गोष्ट निघते, जिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. एस्सिटालोप्रामचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण तीस तास लागतात आणि रोज एक गोळी घेतली तर आठवड्याभरात ते एका पातळीवर स्थिरावतं. त्रास होतोय म्हणून दोन दिवस गोळी सोडायची, मग मन खचलं की पुन्हा सुरू करायची, ‘एक दिवसाआड’ घ्यायची, असं केलं की शरीर सरावण्याची प्रक्रिया दर वेळी विस्कटते. असा माणूस सुरुवातीचा त्रास तीन-तीनदा भोगतो आणि लाभाच्या आठवड्यापर्यंत एकदाही पोहोचत नाही. मग ‘मी सहा महिने औषध घेतलं, काही उपयोग झाला नाही’ हे त्याचं सांगणं प्रामाणिक असूनही खरं नसतं. त्रास कमी करायचाच तर डॉक्टरांना विचारून डोस निम्मा करणं आणि तो रोज घेणं हे दिवसाआडच्या पूर्ण डोसपेक्षा कितीतरी बरं. पॅनिकचे झटके येणाऱ्यांमध्ये तर जाणते डॉक्टर सुरुवातच पाच मिलिग्रॅमने किंवा त्याहून कमीने करतात. पहिल्या दिवसांतली धडधड आणि अस्वस्थता अशा रुग्णाला थेट पुढच्या झटक्याची चाहूल वाटते.

आता प्रश्न असा की जो त्रास होतो तो सगळा गोळीचाच असतो का? एस्सिटालोप्रामच्या नैराश्यावरील चाचण्यांत गोळी घेणाऱ्यांपैकी १५ टक्के लोकांना मळमळ झाली. ज्यांना औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी दिली होती, त्यांच्यापैकी ७ टक्क्यांना झाली. झोप न लागण्याचे आकडे ९ आणि ४ होते. यातून दोन गोष्टी एकदम दिसतात. बहुसंख्य लोकांना मळमळ होतच नाही, आणि ज्यांना होते त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांना ती कदाचित गोळीशिवायही झाली असती. नैराश्य आणि चिंता हे आजार शरीरातूनही बोलतात. भूक जाणं, पोटात ढवळणं, झोपेचा बट्ट्याबोळ, डोकेदुखी, थकवा ही आजाराचीच लक्षणं आहेत आणि औषधाच्या दुष्परिणामांच्या यादीतही तीच आहेत. गोळी सुरू झाली की माणूस शरीराकडे कान लावून बसतो आणि जुनी डोकेदुखी नव्या खात्यावर मांडली जाते. म्हणून पहिली गोळी घेण्याआधीच्या रात्री कागदावर लिहून काढावं की आत्ता झोप किती आहे, भूक कशी आहे, पोट साफ होतं का, चक्कर येते का, लैंगिक इच्छा कशी आहे, वजन किती आहे. ही पाच मिनिटांची नोंद दोन आठवड्यांनी सोन्याच्या मोलाची ठरते, रुग्णाला आणि त्याहून जास्त डॉक्टरांना.

इथे एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो डॉक्टरांकडूनच येतो. दुष्परिणामांची यादी वाचून दाखवली की ते होणारच, मग सांगायचं कशाला? या आक्षेपाला आधार आहे. विनफ्रीड रीफ आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये नैराश्यावरच्या औषधांच्या चाचण्यांतले फक्त नकली गोळी घेणारे गट तपासले. जुन्या ट्रायसायक्लिक औषधांच्या चाचण्यांत नकली गोळी घेणाऱ्यांनी तोंडाला कोरड, गुंगी, बद्धकोष्ठ अशा तक्रारी नव्या औषधांच्या चाचण्यांतल्या नकली गटापेक्षा कितीतरी जास्त केल्या होत्या. या तक्रारी नेमक्या ट्रायसायक्लिक औषधांच्याच. म्हणजे पोटात औषध नसतानाही त्या औषधाचा ठरलेला त्रास उमटला. अपेक्षेतून त्रास जन्मतो हे खरं आहे. पण यावरून गप्प बसावं असा निष्कर्ष काढणं घाईचं ठरेल. कॅलिफोर्नियात एसएसआरआय औषधं सुरू केलेल्या ४०१ रुग्णांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी डॉक्टरांशी दुष्परिणामांबद्दल बोलणं केलं होतं, त्यांच्यात औषध सोडण्याची शक्यता न बोललेल्यांच्या जवळपास निम्मी होती. त्याच अभ्यासात ७२ टक्के डॉक्टर म्हणत होते की औषध किमान सहा महिने घ्या असं आम्ही सहसा सांगतो. तसं सांगितल्याचं आठवणारे रुग्ण होते ३४ टक्के. हा निरीक्षणावरचा अभ्यास आहे, त्यामुळे बोलणारे रुग्ण मुळातच वेगळ्या स्वभावाचे असतील ही शंका उरतेच. तरीही सिॲटलमधल्या, १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा रोख हाच होता. रोज घ्या, गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील, बरं वाटलं तरी चालू ठेवा, न विचारता बंद करू नका, शंका आली तर अमुक ठिकाणी विचारा, अशा पाच साध्या सूचना ज्यांना मिळाल्या त्यांनी पहिल्या महिन्यात औषध जास्त नियमितपणे घेतलं. म्हणजे सांगावं की नाही हा वाद नाहीच. कसं सांगावं हा प्रश्न आहे. पन्नास शब्दांची भीतिदायक यादी माणसाला घाबरवते. ‘शंभरातल्या पंधरांना मळमळ होते, बहुतेकांची दोन आठवड्यांत जाते, जेवणानंतर गोळी घ्या, नाही गेली तर फोन करा’ हे ऐकून तो सावध होतो आणि निभावतो. शिवाय आपल्याकडे हा प्रश्न कायद्याने सोडवून टाकला आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार उपचारांचे ज्ञात दुष्परिणाम समजून घेण्याचा हक्क रुग्णाला आहे, आणि तेही त्याला कळेल अशा भाषेत.

जो त्रास सहसा ओसरतो त्याच्याशी कसं वागायचं हे फार गुंतागुंतीचं नाही. मळमळ होत असेल तर गोळी भरल्या पोटी घ्यावी. गुंगी आणणारी गोळी रात्री आणि झोप उडवणारी सकाळी, पण वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना किंवा निदान केमिस्टला विचारावं. बद्धकोष्ठाला पाणी, पालेभाज्या, इसबगोल. अंथरुणातून उठताना भोवळ येत असेल तर आधी मिनिटभर कडेला बसावं. गुंगीचा अंदाज येईपर्यंत दुचाकी चालवू नये, आणि दारू तर नाहीच. डोकं दुखलं तर पॅरासिटामॉल चालते. आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन मात्र एसएसआरआयबरोबर घेतल्यास पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. मनाने घेतलेल्या पित्ताच्या गोळीचीही एक गंमत आहे. ओमेप्राझोल एस्सिटालोप्रामचं विघटन मंदावते, त्यामुळे रक्तातलं प्रमाण वाढतं आणि ज्या मळमळीसाठी ती घेतली तीच लांबू शकते. हे विघटन करणारं एन्झाइम मुळातच मंद असलेल्या लोकांचं प्रमाण युरोपीयांपेक्षा आशियाई लोकसंख्यांमध्ये जास्त आहे. म्हणूनच एकाला पाच मिलिग्रॅम सोसत नाही आणि दुसऱ्याला वीसही जाणवत नाही. त्यात रुग्णाचा नाजूकपणा किंवा धीटपणा शोधायला जाऊ नये.

मात्र ‘थोडं थांबा, जाईल’ हे वाक्य सगळ्या त्रासांना लावलं की ते खोटं ठरतं. काही दुष्परिणामांचं वेळापत्रक बरोबर उलटं असतं: सुरुवातीला किरकोळ वाटतात आणि महिन्यागणिक वाढतात. भ्रम-भास होणाऱ्या आजारांत दिल्या जाणाऱ्या ओलान्झापिनने वाढणारं वजन हे याचं ठळक उदाहरण. पहिल्या काही आठवड्यांत भरभर वाढलेलं वजन पुढे आणखी वाढण्याची पूर्वसूचना असते. ‘औषध अंगी लागलं’ म्हणून घरचे त्याचं कौतुक करतात, आणि वर्षभराने साखर वाढलेली निघते. अमेरिकेतल्या मधुमेह आणि मानसोपचार संघटनांनी २००४ मध्ये मिळून सांगितलं की असं औषध सुरू करण्याआधी वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, साखर आणि चरबी मोजा, आणि चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्याला वजन पुन्हा करा. हे आपल्याकडे किती ठिकाणी होतं हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. वजनकाटा तर घरोघरी मिळतो. दुसरं उदाहरण लैंगिक त्रासाचं. स्पेनमध्ये एसएसआरआय घेणाऱ्या ३४४ रुग्णांच्या अभ्यासात आपणहून तक्रार करणारे १४ टक्के निघाले, आणि थेट विचारल्यावर ५८ टक्के. हा त्रास सहसा वाट पाहून जात नाही, त्यावर डोस कमी करणं, औषध बदलणं असे उपाय आहेत. पण ज्या घरात नवराबायकोही या विषयावर बोलत नाहीत, तिथला माणूस डॉक्टरांच्या टेबलापलीकडे दोन नातेवाईक बसलेले असताना काय बोलणार? तो गप्प राहतो आणि एक दिवस गोळी सोडतो. ‘कंटाळा आला’ असं कारण सांगतो. रुग्णाला एकट्याला दोन मिनिटं विचारणं, एवढ्यानेही हे बदलतं.

आणि मग ते त्रास, ज्यांच्याबाबत थांबणंच धोक्याचं आहे. यातला सर्वात फसवा म्हणजे अकॅथिसिया. या अवस्थेचं वर्णन लाडिस्लाव हास्कोवेत्स या चेक मज्जातज्ज्ञाने १९०१ सालीच केलं होतं, मनोविकारांवरची आधुनिक औषधं येण्याच्या पन्नास वर्षं आधी. भ्रम-भासांवरच्या हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांनी ती नेहमीची झाली आणि एसएसआरआयनेही कधीकधी होते. माणसाला एका जागी बसवत नाही. पाय हलत राहतात, तो येरझाऱ्या घालतो, आतून कातडी सोलवटल्यासारखी तगमग होते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं आजार वाढला. रुग्ण ‘बेचैन होतंय’ एवढंच सांगतो, आणि नैराश्याच्या माणसाने बेचैन असणं अपेक्षितच असतं. इथे होणारी चूक मानसोपचाराच्या पाठ्यपुस्तकांत नोंदलेली आहे: तगमग हा आजार समजून त्याच औषधाचा डोस वाढवला जातो, आणि तगमग आणखी वाढते. असह्य तगमगीतून माणूस जीव द्यायच्या विचारापर्यंत जाऊ शकतो. डोस कमी केला किंवा प्रोप्रॅनोलॉलसारखं औषध दिलं तर ती उतरते. फरक ओळखण्याची खूण वेळेची आहे. ही बेचैनी गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही दिवसांत आली का, ती पायांत जास्त आहे का, चालल्याने क्षणभर बरं वाटतं का? ‘सहन करा, सवय होईल’ या सल्ल्यावर मानसिक रुग्णांच्या संघटना जो राग धरतात, त्याचं मूळ बव्हंशी अशा अनुभवांत आहे, आणि तो राग रास्त आहे. हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांनी पहिल्या चार-पाच दिवसांत, विशेषतः तरुणांमध्ये, मान एकाएकी वाकडी होणं, जीभ बाहेर येणं, डोळे वर फिरून तिथेच अडकणं असंही होतं. घरच्यांना लकव्याची, फेफऱ्याची, नाहीतर बाधेची शंका येऊ शकते. दृश्य भयंकर असलं तरी दवाखान्यात एका इंजेक्शनने ते थोड्या वेळात सुटतं. तेव्हा पाय दवाखान्याकडेच वळायला हवेत.

बाकीचे धोके भरभर सांगतो. बायपोलर आजारात दिलं जाणारं लॅमोट्रिजिन पहिले दोन आठवडे २५ मिलिग्रॅम, पुढचे दोन ५० असं मुद्दाम संथ वाढवतात, कारण घाई केली तर जिवावर बेतणारं पुरळ येऊ शकतं. अंगावर पुरळ, ताप, तोंडात फोड दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. आणि मध्ये आठवडाभर गोळी चुकली असेल तर जुन्या डोसवर परस्पर परतू नये. साठी उलटलेल्या आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या माणसात एसएसआरआयने रक्तातलं सोडियम घसरू शकतं. पहिल्या महिन्यात आजी असंबद्ध बोलू लागल्या किंवा तोल जाऊन पडल्या, तर वयावर न ढकलता रक्त तपासावं. एसएसआरआय चालू असताना पाठदुखीसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल दिलं आणि मग घाम, ताप, जुलाब, स्नायूंचे झटके सुरू झाले, तर ते सेरोटोनिन अतोनात वाढल्याचं लक्षण असू शकतं. बायपोलर आजारासाठी लिथियम घेणाऱ्याने उन्हाळ्यात, जुलाबात आणि निर्जळी उपासात जपावं. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की लिथियमची पातळी चढते, आणि गुण देणारी पातळी व विषारी पातळी यांत अंतर फार थोडं आहे. उदासीच्या गोळीने एखादा चार दिवसांत तीन तास झोपूनही टवटवीत, अखंड बोलका, हात सैल सोडून खर्च करणारा झाला, तर ‘औषध लागू पडलं’ म्हणून पेढे वाटायची ती वेळ नसते. तो उन्माद असू शकतो आणि निदानच बदलावं लागू शकतं. तरुणांबद्दलचा इशारा मात्र नेमका सांगायला हवा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुलांवरच्या २४ चाचण्या एकत्र तपासल्या. आत्महत्येचे विचार किंवा तसं वागणं औषध घेणाऱ्यांमध्ये ४ टक्के, नकली गोळी घेणाऱ्यांमध्ये २ टक्के होतं. या चाचण्यांत प्रत्यक्ष आत्महत्या एकही नव्हती. २००७ मध्ये हा इशारा २४ वर्षांपर्यंत वाढवला. त्याचा अर्थ मुलांना औषध देऊच नये असा होत नाही. सुरुवातीचे आठवडे आणि डोस बदलल्यानंतरचे दिवस घरात कोणीतरी लक्ष ठेवून असावं, असा होतो.

याहून मूलभूत आक्षेप आहे तो असा की इतका खटाटोप करावा एवढा या औषधांचा गुण तरी आहे का? २०१८ मध्ये आंद्रेआ चिप्रियानी यांच्या गटाने २१ औषधांच्या ५२२ चाचण्या, म्हणजे १,१६,४७७ रुग्ण, एकत्र मांडले. सगळी औषधं नकली गोळीपेक्षा सरस निघाली, पण सरासरी फरक मध्यमच होता. हे लपवण्यात अर्थ नाही. ब्रिटनच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना सौम्य नैराश्यात सुरुवातीलाच औषध सरसकट देऊ नका असं सांगतात, आणि ते मला योग्य वाटतं. सौम्य आजारात पंधरवड्याचा त्रास ही किंमत जास्तच आहे. पण ज्याचं काम सुटलंय, जेवण सुटलंय, जगण्यावरचं मन उडालंय त्याच्या बाबतीत तराजू दुसऱ्या बाजूला झुकतो. शिवाय सरासरी मध्यम असण्याचा एक अर्थ असा असू शकतो की काहींना भरपूर लाभ होतो आणि काहींना अजिबात नाही, आणि आपण कोणत्या गटात आहोत हे पुरेशा डोसने, पुरेसे दिवस घेतल्याशिवाय कळत नाही. हे धीर धरणं अमर्याद नसावं हेही तितकंच खरं. दोन-तीन आठवड्यांत तसूभरही फरक नसेल तर त्याच डोसवर पुढे मोठी सुधारणा होण्याची शक्यता कमी होत जाते, आणि चार ते सहा आठवड्यांनंतरही परिस्थिती तीच असेल तर डॉक्टरांनी बदल करायलाच हवा.

भारतात या पंधरवड्यावर एक सोपा तोडगा सर्रास वापरला जातो: एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत. क्लोनाझेपामने पहिल्याच रात्री झोप लागते, धास्ती उतरते, आणि सुरुवातीचे दिवस सुसह्य होतात. नैराश्याच्या गोळीबरोबर अशी दुसरी गोळी दिल्यास पहिल्या चार आठवड्यांत फायदा दिसतो आणि दुष्परिणामांमुळे औषध सोडणारे कमी होतात, पुढे मात्र फरक उरत नाही, असं चाचण्यांचा एकत्रित आढावा सांगतो. म्हणजे काही दिवसांपुरती ही कुबडी वाजवी आहे. पण रुग्ण पुन्हा लगेच मिळणाऱ्या आरामाच्या हिशेबाने चालतो. त्याला वाटतं, गुण येतो तो याच गोळीने. मग तो मुख्य औषध सोडतो आणि सवय लावणारं तेवढं ठेवतो. दोन्ही एकाच गोळीत असली तर एक कमी करून दुसरं चालू ठेवायची सोयच राहत नाही. ‘या गोळ्यांची सवय लागते’ हा लोकांचा समज एसएसआरआयला ज्या अर्थाने लागू नाही, त्या अर्थाने क्लोनाझेपामला पूर्णपणे लागू आहे. दोन गोळ्या वेगळ्या द्याव्यात, आणि दुसरी किती दिवसांनी कमी करायची ती तारीख चिठ्ठीवर पहिल्याच दिवशी लिहावी.

राहिला शेवटचा आणि सर्वात खरा आक्षेप. हे सगळं समजावून सांगायला वेळ कोणाकडे आहे? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार नैराश्य-चिंतेसारख्या नेहमीच्या आजारांत सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नव्हते. जे पोहोचतात त्यांना गर्दीच्या ओपीडीत मोजकी मिनिटं मिळतात आणि पुढची तारीख महिन्यानंतरची असते. म्हणजे नेमका अवघड पंधरवडा रुग्ण एकट्याने काढतो. यावर डॉक्टर वाढण्याची वाट पाहणं हा एकच मार्ग नाही, हे गोव्याने दाखवलं आहे. तिथे विक्रम पटेल आणि ‘संगत’ संस्थेच्या सहकाऱ्यांनी २४ प्राथमिक केंद्रं आणि खासगी दवाखाने घेऊन ‘मानस’ नावाची चाचणी केली. आरोग्यक्षेत्राचं पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना शिकवून आजाराची माहिती देणं, औषध घेणाऱ्यांचा पाठपुरावा करणं, गरजेप्रमाणे संवादातून उपचार करणं ही कामं त्यांच्याकडे दिली. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचं प्रमाण समुपदेशक असलेल्या ठिकाणी सुमारे ६६ टक्के, नसलेल्या ठिकाणी ४२.५ टक्के होतं. खासगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही. सरकारी केंद्रांतलं हे यश एकट्या पाठपुराव्याचं नाही, कारण त्या योजनेत इतरही बरंच काही होतं. पण पंधरवड्यात फोन करायला, ‘मळमळ आहे का, बेचैनी आहे का’ विचारायला आणि उत्तर डॉक्टरांपर्यंत पोहोचवायला एमडी लागत नाही, हे त्यातून नक्की कळतं. हे काम नर्स करू शकते, औषधाच्या खिडकीवरचा फार्मासिस्ट करू शकतो. जिथे यातलं काहीच नाही तिथे ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मराठीतही मिळते. पलीकडचा समुपदेशक फोनवर डोस बदलून देणार नाही, पण हा त्रास सोमवारच्या ओपीडीपर्यंत थांबू शकतो की आज रात्रीच दवाखान्यात जायला हवं, हे त्याला विचारता येतं.